अर्जदारासोबत पक्षी

निमंत्रणपत्रिका छापून आल्या तेव्हा माझ्याकडे सगळं होतं. कॅमेरा होता, तीनशेची लेन्स होती, तिपाई होती, कॉलनीचं सभागृह होतं, बारा फ्रेमा होत्या आणि उद्घाटनाला वनखात्याचे साहेब होते. फक्त पक्षी नव्हता.

पत्रिकेत लिहिलं होतं: 'दुर्मीळ रानपिंगळा. छायाचित्र प्रदर्शन. छायाचित्रकार श्री. अमृत देवरे. रविवार, सकाळी दहा. चहापानाची व्यवस्था आहे.' यातलं माझं नाव आणि चहापान एवढंच खरं होतं.

मी धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. लोकांचे अर्ज तपासून परत पाठवणं हे माझं एकोणीस वर्षांचं काम आहे. त्यामुळे काढलेला प्रत्येक फोटो मी आवक नोंदवहीत चढवतो. क्रमांक, विषय, शेरा. माझी बायको मेघा म्हणते, जगात नोंदवही ठेवून पक्षी बघणारा तुम्ही एकटेच. असेन. पुढचं सगळं त्या वहीतून उतरवतो आहे. वहीत मजकूर कमी पडला तिथं मी बोललो आहे.

०१०४. विषय: पिंगळा, विजेचा खांब, कॉलनी. शेरा: चांगला.

पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. आमच्या खांबावर रोज संध्याकाळी बसतं आणि सगळ्यांच्या टीव्हीच्या आवाजात आपला आवाज मिसळतं. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. या ठिपक्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून आत्ताच नीट सांगतो. डोक्यावर भरपूर ठिपके असले तर तो साधा पिंगळा. कुठंही दिसतो. डोकं जवळजवळ सपाट, बिनठिपक्याचं असलं तर तो रानपिंगळा. तो शंभराहून जास्त वर्षं कोणालाच दिसला नव्हता, संपला असं धरून चालले होते, आणि मग आपल्याच बाजूला, शहाद्याकडे सापडला. सातपुड्याच्या पायथ्याला अजून आहे. त्याच्यासाठी लांबलांबून लोक विमानानं येतात. माझ्या ०१०४ मधल्या पक्ष्याच्या डोक्यावर मी स्वतः मोजलेले बावीस ठिपके होते.

०१०४ (सुधारित). शेरा: फार चांगला.

हा फोटो मोठा करून घ्यायला मी झुलालच्या स्टुडिओत दिला. झुलाल लग्नाचे फोटो काढतो. धुळ्यात गेल्या दहा वर्षांत लग्न झालेली एकही नवरी त्यानं तिच्या स्वतःच्या कातडीत सोडलेली नाही. फोटो हातात ठेवताना तो म्हणाला, "साहेब, चेहरा साफ करून दिला बरं का. फार पुरळ होतं."

मी पाहिलं. डोकं गुळगुळीत होतं. बावीसच्या बावीस ठिपके गेले होते.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फोटो इतका सुंदर झाला होता की तो तसाच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, काहीही न लिहिता. पाच मिनिटांत गिरधर नानांचा संदेश आला. गिरधर नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, आणि कोणत्याही विषयावर रात्रीतून वाचन करून सकाळी बोलणारे गृहस्थ. त्यांनी लिहिलं: 'डोके पाहा!! ठिपके नाहीत!! हा रानपिंगळा आहे!! धुळ्याचे भाग्य!!'

मी दोन दिवस गप्प बसलो.

माझा गुन्हा तेवढाच आहे. मी खोटं बोललो नाही, खरं बोलायला उशीर केला. पण आमच्या ऑफिसात मुदतीनंतर आलेला अर्ज आणि न आलेला अर्ज यांत फरक करत नाहीत, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे. तिसऱ्या दिवशी नाना पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात उभे होते.

"वनखात्याचे साहेब येताहेत," ते म्हणाले. "वन्यजीव सप्ताहातला शेवटचा कार्यक्रम आपला. मी त्यांना सांगितलं, पक्षी आमच्या खांबावर बसतो."

"नाना, पण..."

"पण काही नाही. लाजू नका. बारा फ्रेमा भरून काढा."

तो शुक्रवार होता. प्रदर्शन पुढच्या रविवारी. दार लावल्यावर मेघा म्हणाली, "सांगून टाका."

"काय सांगू? ठिपके झुलालनं पुसले?"

"मग खरा पक्षी आणा."

बायका हे वाक्य खरा हापूस आणा अशा सुरात म्हणतात. तरीही दुसरा मार्ग नव्हता. नऊ दिवसांत खरा रानपिंगळा काढून फ्रेमेत बसवला की पहिला फोटो हळूच काढून टाकता येणार होता. पत्रिका खरी झाली असती, नाना खरे झाले असते, आणि माझे ते दोन दिवस नोंदीतून गेले असते.

फोटो नाही. दूरध्वनी.

शिरपूरच्या पुढे, अगदी डोंगराच्या कुशीत मेघाच्या काकांचं गाव आहे. रूपचंद आबा. वय शहात्तर, आवाज पंचविशीचा, बोली अहिराणी. त्यांच्याशी झालेलं बोलणं मी वहीत शब्दशः लिहून घेतलं होतं, आणि बरं झालं, कारण नंतर कोणी विश्वास ठेवला नसता.

"आबा, तुमच्याकडे पिंगळा दिसतो का?"

"दिखस ना जवाईबापू. रोज येस."

"रोज? किती वाजता?"

"सकायले. दिन निंघाना पह्यले येस, दिन वर येवालगुन ऱ्हास."

उजेडात असतो! साधा पिंगळा दिवसा झोपा काढतो, रानपिंगळा दिवसाढवळ्या फिरतो असं पुस्तकात होतं. मी ते अधोरेखित केलं.

"बसतो कुठं?"

"बसत नही. उभा ऱ्हास. आठे खेमाना घरजोडे मोहानं झाड शे ना, तेना खाले."

"झाडाखाली? जमिनीवर?"

"मंग काय झाडवर चढी?"

जमिनीवर उतरून शिकार करतो, असंही पुस्तकात होतं. पुस्तक आणि आबा यांचं इतकं जमेल असं मला वाटलं नव्हतं. "आवाज करतो?"

"करस ना! बठ्ठा गाव जागा व्हस."

"खातो काय?"

"जे दिधं ते लेस. भाकर दिधी, भाकर लेस."

माणसाळलेला दिसतो, असं मी लिहिलं. आणि मग तो महत्त्वाचा प्रश्न: "आबा, डोक्यावर ठिपके आहेत का?"

"डोकावर नही भो. कपायवर एक शे. मोठा."

मी नोंद केली: 'डोके: ठिपके नाहीत. कपाळ: ठिपका एक, मोठा. (आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.)'

"मी उद्या शनिवारी येतो, आबा. रविवारी सकाळी फोटो काढायचा आहे."

"या ना. मी त्याले सांगी ठेवस."

मी मोकळेपणानं हसलो. आबांचा स्वभाव मुळात थट्टेचा.

०१४१. विषय: नरडाणा, बसच्या खिडकीतून. शेरा: हलला.

तिपाई बसमध्ये नेणं हे कौशल्याचं काम आहे. वर ठेवली तर ती लोकांच्या डोक्यावर उतरते, खाली ठेवली तर लोक तिच्यावर चढतात. मी ती मांडीवर उभी धरली होती. नरडाण्याला शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. तिपाईकडे बघितलं, माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मोजणी का?"

"नाही. पक्षी."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सांगू नका कोणाला." आणि शिरपूर येईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या शेताच्या चारी बाजू कुठं लागतात ते सांगितलं. उत्तरेची बाजू वादात आहे.

०१६०. विषय: वनखात्याची चौकी. शेरा: काढू दिला नाही.

गावाच्या अलीकडे चौकी आहे. माझ्यासारखा माणूस तिथून परवानगीशिवाय पुढं जाऊच शकत नाही. तिथल्या वनरक्षकानं माझा दोन पानी अर्ज वाचला, सोबतची कागदपत्रं पाहिली, आणि म्हणाला, "गावात जायला परवानगी लागत नाही."

"मग तसं लेखी द्या."

"काय लेखी देऊ?"

"परवानगी लागत नाही म्हणून."

मग त्यानं धनसिंग म्हणून आपल्या सहकाऱ्याला आतून बोलावलं, दोघांनी मिळून बघितलं. शेवटी धनसिंगनं माझ्याच अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं: 'पाहिले.' सही, तारीख. पाहिले म्हणजे अर्ज की मी, याचा खुलासा त्यात नाही. पण सही आहे. ती मी जपून ठेवली आहे.

०२३१. विषय: (आधी 'रानपिंगळा' लिहिलं होतं, खोडलं आहे.)

रविवारी उजाडायच्या सुमाराला मी मोहाच्या झाडापासून वीस पावलांवर तिपाई रोवून, अंगावर मेघाची जुनी हिरवी ओढणी घेऊन बसलो होतो. ओढणीवर मोर होते. पक्ष्यांना परकं वाटणार नाही असा माझा हिशेब.

आणि आवाज आला. डुगडुग डुगडुग डुगडुग. पुस्तकात 'किर्र' किंवा 'उव्वू' असं दिलं होतं. डुगडुग कुठंच नव्हतं. मी लेन्समधून बघितलं. खांद्यावर झोळी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लहानसं डमरू, गळ्यात माळ, आणि कपाळावर कुंकवाचा एक टिळा. मोठा.

पिंगळा आला होता.

आता वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक म्हणतील, हे तर आम्हाला फोनवरच कळलं होतं. कळलं असेल. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या माणसाला पिंगळा म्हणतात, हे मलाही लहानपणापासून माहीत आहे. माझ्या आजोळी यायचा. पण तीन महिने रोज पक्ष्यांची पुस्तकं वाचली की माणसाला माणसं आठवत नाहीत.

तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुम्हीच का ते धुळ्याचे जवाई? आबांनी सांगून ठेवलं होतं. माझा फोटो काढायला येताय म्हणून. मी सुकदेव."

"तुमचा नाही..." मी म्हणालो.

"धुतलेलं धोतर नेसून आलो," सुकदेव म्हणाला.

मी ओढणी डोक्यावरून खांद्यावर घेतली.

"फोटो मला पाहिजेच होता भाऊ," तो सांगू लागला. "कलावंताचा कागद करायचा आहे, धुळ्याच्या ऑफिसात. गावात काही नाही, गाव ओळखतं. पण शिरपुरात, धुळ्यात कॉलनीत शिरलो की वॉचमन हाकलतो. अंधारात येतो म्हणून चोर समजतात. मागच्या महिन्यात दोघांनी झोळी उपसली माझी. सरकारचा कागद असला म्हणजे दाखवता येईल. ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, कला करतानाचा फोटो लागतो. मोबाइलवरचा चालत नाही."

एव्हाना उजेड चांगला झाला होता. तो मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, नेहमीच्या जागी, डमरू वर धरून. मला राग आला होता, झोप आली होती, आणि पाय मुंग्यांनी भरले होते, खऱ्या मुंग्यांनी. झुलालचा एकच सल्ला लक्षात होता, डोळ्यावर फोकस करा, बाकी धुऊन काढा. 'डोळे इकडे करा,' असं सांगून मी सुकदेवच्या उजव्या डोळ्यावर फोकस केला, मागचं सगळं धूसर होऊ दिलं आणि बटण दाबलं. एकच फोटो. शेरा रकान्यात लिहिलं: 'काम नसताना.'

०२३२ ते ०२७८. विषय: फांदी. शेरा: रिकामी.

खेमाचं घर त्या झाडाला लागूनच आहे. तो ओट्यावर बसून हे सगळं बघत होता. पुस्तकातलं चित्र मी त्याला दाखवलं. त्यानं बायकोला, बिजलीबाईला हाक मारली. दोघांनी चित्र बघितलं.

"हे? हे रोज असतं," खेमा म्हणाला.

"कुठं?"

"या झाडावर. सूर्य निघाला की त्या वाळक्या फांदीवर ऊन खातं."

"आत्ता कुठं आहे?"

"आत्ता होतं," बिजलीबाई म्हणाली. "तुम्ही त्या बाबाचा फोटो काढून उठले, तिपाई आपटली, तेव्हा गेलं."

मी त्या फांदीचे सत्तेचाळीस फोटो काढले. दुपारी दोनपर्यंत. ती कोणत्याही क्षणी भरेल अशा आशेनं. मध्ये एक शेळी तिपाईला बांधलेला पट्टा खाऊन गेली; सत्तेचाळिसांतल्या एका फोटोत ती आली आहे. बिजलीबाईनं दोनदा भाकरी आणून दिली आणि दुसऱ्या वेळी विचारलं, "भाऊ, तुमच्या धुळ्याला फांद्या नाहीत का?"

०२७९ ते ०२८४. विषय: परतीचा प्रवास. शेरा: लेन्सचं झाकण लागलेलं.

०२३१ (प्रत दोन). 'पारंपरिक वेशात, कला सादर करताना.'

बुधवारी सुकदेव फोटो घ्यायला घरी आला. कॉलनीच्या वॉचमननं त्याला फाटकावर अडवलं आणि मला खाली जाऊन "हे माझे पाहुणे" असं सांगावं लागलं. गिरधर नाना गॅलरीतून बघत होते.

"पक्ष्याचं काय झालं?" त्यांनी वरून विचारलं.

"काम चालू आहे," मी म्हणालो. ऑफिसात मी हे वाक्य रोज वापरतो. स्वतःवर वेळ आल्यावर वापरलं की ते कसं लागतं ते पहिल्यांदाच कळलं.

फोटो देऊन सुकदेवला वाटेला लावायचा माझा विचार होता. पण मेघानं त्याला चहा दिला, त्याच्या झोळीतला कोरा अर्ज बघितला आणि माझ्यासमोर ठेवला. "एवढ्या फिरण्यात एका माणसाचा फोटो नीट आलाय. त्याचं काम तरी पुरं करा."

मी अर्ज भरायला घेतला. आणि खरं सांगतो, आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. काळं पेन, सरळ अक्षर, कोणताही रकाना मोकळा नाही, लागू नसेल तिथं 'लागू नाही', जोडपत्रांना पानक्रमांक. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढल्या आहेत. माझ्या हातच्या अर्जात चूक काढणारा माणूस खान्देशात जन्मायचा आहे, असं मी सुकदेवला सांगितलं. त्यानं हात जोडले.

शुक्रवारी रजा टाकून मी त्याच्याबरोबर त्या ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही. खिडकीत पुनम नावाच्या ताई होत्या, वय पंचवीस-सव्वीस. त्यांनी अर्ज उलटला, पानं मोजली, आधार ताडून पाहिलं, सह्या पाहिल्या. त्यांचं काम स्वच्छ होतं, मला आवडलं. मग त्या फोटोपाशी थांबल्या. माझा सात बाय पाचचा, झुलालला हात लावू न देता छापून घेतलेला फोटो.

"परत," त्या म्हणाल्या.

"काय परत?"

"फोटोत अर्जदाराशिवाय दुसरं कोणी चालत नाही."

"दुसरं कोणीच नाही ताई."

त्यांनी पेनाचं टोक सुकदेवच्या डोक्यावर चार बोटं ठेवलं. "मग हे काय आहे?"

"पान आहे."

"पानाला डोळे असतात का भाऊ?"

मी चष्मा काढला. पुसला. घातला. खिडकीतून अर्धा आत गेलो. वाळक्या फांदीवर, धूसर, मुठीएवढं, मान आमच्याकडे वळवून काहीतरी बसलं होतं. त्याला डोळे होते. दोन.

मागं रांगेत बारा माणसं होती आणि त्यांतला एक म्हणाला, "ओ काका, रडताय का?" मी रडत नव्हतो. मी ठिपके शोधत होतो. फोकस सुकदेवच्या उजव्या डोळ्यावर इतका अचूक होता की त्यात माझी मोरांची ओढणी उमटली होती. वरच्या पक्ष्याचं डोकं म्हणजे तपकिरी धूर.

पुनमताईंनी चिठ्ठी लिहून अर्जाला टाचली: 'त्रुटी: अर्जदारासोबत पक्षी. पूर्तता करून सादर करावे.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. चार शब्दांचं पुरं वाक्य आणि वर कारण, कुठं वाद घालायला जागा नाही. माझ्या हाताखाली असत्या तर मी त्यांना पहिल्याच वर्षी कायम केलं असतं. बाहेर येऊन समोरच्या दुकानातून कात्री मागितली, पक्षी फोटोतून वेगळा केला, सुकदेव वेगळा केला, आणि अर्ज पुन्हा दिला. पुनमताईंनी पोच दिली. शिक्का, सही, क्रमांक. सुकदेवनं ती झोळीत न ठेवता सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, दिसेल अशी.

वरचा कापलेला तुकडा माझ्या पाकिटात होता. घरी येईपर्यंत तो मी नऊ वेळा काढून बघितला.

०२३१ (प्रत तीन). बारावी फ्रेम.

शनिवारी मी गिरधर नानांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खांबावरचा साधा, ठिपके बावीस, झुलाल, दोन दिवसांचं गप्प बसणं. नाना खुर्चीत मागे टेकले. एसटीची गाडी येणार नाही असं प्रवाशांना सांगायच्या वेळी त्यांचा चेहरा असाच होत असावा.

"साहेबांना मी काय तोंड दाखवू?"

मी ०२३१ समोर ठेवला, न कापलेला. नानांनी भिंग आणलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डोक्यावर ठिपके नाहीत."

"दिसत नाहीत, नाना."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"अमृतराव, तुम्हाला कोणी विचारणार नाही. फक्त गप्प बसायचं." आणि जरा थांबून, "तुम्हाला जमतं ते."

हे लागलं. लागायलाच हवं होतं.

रविवारी दहा वाजता सभागृहात कॉलनी जमली. अकरा फ्रेमा अशा होत्या: खांबावरचा पिंगळा, ठिपक्यांसह, खाली 'साधा'; नरडाणा, हललेलं; शेळी, तोंडात पट्टा; आणि आठ रिकाम्या फांद्या. फांद्यांपुढं लोक सर्वांत जास्त वेळ थांबले. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या फांदीत पक्षी दिसला. बारावी फ्रेम सुकदेवची. "हीसुद्धा दुर्मीळ जात आहे बरं का," असा विनोद सात जणांनी केला. सातही जणांना तो आपल्याला एकट्याला सुचला असं वाटत होतं.

सव्वादहाला फाटकावर गलका झाला. मेघानं सुकदेवला पत्रिका पाठवली होती आणि वॉचमननं त्याला पुन्हा अडवलं होतं. मी धावलो, पण मी पोचायच्या आत सुकदेवनं वरच्या खिशातली पोच काढून वॉचमनसमोर धरली होती. वॉचमन शिक्का वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं ती दोन्ही हातांनी परत दिली आणि फाटक उघडलं. अर्धं नाही, पूर्ण.

साहेब सुकदेवच्या मागोमागच आले. भाषण नको म्हणाले, सरळ फ्रेमांकडे गेले. फांद्यांपुढून न थांबता पुढं सरकले आणि बाराव्या फ्रेमेपाशी उभे राहिले. खाली मी माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, ती त्यांनी मोठ्यानं वाचली: "'अर्जदार: सुकदेव. सोबत: पक्षी. जात पडताळणी प्रलंबित.'"

सभागृहात ज्यांच्या मुलांची ॲडमिशन चालू होती ते सगळे एकदम हसले. साहेब हसले नाहीत. वाकून बघत होते.

"फोकस माणसावर आहे."

"हो."

"डोक्यावर ठिपके?"

गिरधर नानांनी माझा कोपर धरला. दाबला.

"दिसत नाहीत," मी म्हणालो.

साहेब सरळ झाले. "नाहीत, की दिसत नाहीत?"

प्रश्न असा विचारला की मला पुनमताई आठवल्या. नानांचा हात कोपरावर होता. पत्रिका सगळ्यांच्या हातांत होत्या.

"दिसत नाहीत," मी म्हणालो. "पत्रिकेत लिहिलंय ते मी सिद्ध करू शकत नाही. खांबावरचा तर नक्कीच साधा होता. ठिपके स्टुडिओत गेले."

नानांनी कोपर सोडला. कोणीतरी चहाचे कप वाजवले. त्या दोन दिवसांचं जे काही आत साचलं होतं ते उतरत गेल्यासारखं वाटलं.

साहेब सुकदेवकडे वळले. "बाबा, हा पक्षी तुमच्या मागं रोज असतो?"

"मागं नाही साहेब," सुकदेव म्हणाला. "मीच त्याच्या खाली असतो. तो बोलतो, ते ऐकून आम्ही दारोदार सांगतो. माझा बाप त्याच झाडाखाली उभा राहायचा. म्हणून तर आम्हाला पिंगळा म्हणतात."

मी मध्येच म्हणालो, "अहो, मग त्या दिवशी मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही मला म्हणाले, डोळे इकडे करा," सुकदेव म्हणाला. "मी केले."

म्हणजे आबांनी फोनवर मला पत्ता बरोबर दिला होता. झाड बरोबर, वेळ बरोबर. कपाळावरचा एक मोठा ठिपकासुद्धा बरोबर.

"डोकं कसं आहे त्याचं?" साहेबांनी विचारलं. "ठिपके आहेत का?"

"मी खाली उभा राहतो साहेब. मला त्याचं पोट दिसतं."

आता साहेब हसले. मग खिशातून लहान वही काढली. "येत्या शनिवारी मी स्वतः येतो. किती वाजता असतो तो?"

"सूर्य निघाला की," सुकदेव म्हणाला. "या तुम्ही. मी त्याला सांगून ठेवतो."

सभागृह हसलं. मी मात्र वही उघडली आणि वेळ लिहून घेतली.